नवरात्रातली गोळी

पनवेलच्या मच्छी मार्केटात माझ्या सासूशी भाव करायला माणसं बिचकायची. कोणी चिंबोरीचा पाय मोडून बघितला की तिचा पट्टा सुरू. "काय गो, सोयरीक जुलवतेस का चिंबोरीची? घ्यायची तर घे, नाय तर घरी जाऊन वरन-भात खा!" गिऱ्हाईक हसत हसत घ्यायचंच. तिची जीभ म्हणजे तिच्या जागेची पाटी होती.

मी पनवेल शहरात वाढलेली. टायपिंग शिकून खांदा कॉलनीतल्या एका कचेरीत लागलेली, आणि तोंडाने काही कमी नाही. लग्न होऊन खाडीकाठच्या त्या घरात आले तेव्हा शेजारणी पदर तोंडाला लावून म्हणाल्या होत्या, "आता बगा, एका म्यानात दोन तलवारी." खोटं नव्हतं. सकाळी चुलीपाशी आमचं वाजायचं आणि संध्याकाळी आम्ही दोघी एकाच ताटात सुकट कालवून खायचो. नवरा म्हणायचा, तुम्ही भांडत असलात की मला घर जागेवर आहे असं वाटतं. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला होता. बंदर सुरू होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील.

त्याच बंदराच्या रस्त्यावर माझा मोठा दीर गेला. ते माझ्या लग्नाआधीचं. कामावर निघाला होता, सायकलवर, आणि ट्रेलरखाली आला. घरात त्याचा फोटो होता, पण सासू त्या भिंतीकडे तोंड करून कधी बसायची नाही. लोक सांगायचे की प्रेत आणलं तेव्हा ती रडली नाही. बाया तिला हलवत होत्या, रड गो रड, पण ती नुसती बघत राहिली. आणि त्याच वर्षी नवरात्रात, अष्टमीला, गावदेवीच्या देवळासमोर ढोल वाजायला लागले आणि तिच्या अंगात आलं.

मी ते लग्नानंतर पाहिलं. आधी तिचे हात कापायचे, मग खांदे, मग सगळं अंग. चेहरा लालबुंद, केस मोकळे. भगत तिच्या कपाळाला मळवट भरायचा आणि लोक पायावर लोटांगण घालायचे. ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. देवी तिच्या तोंडून बोलायची, "माझ्या झाडाचा पोर गेला, माझ्या झाडाचा पोर गेला," आणि मग ती रडायची. अहाहा, काय रडायची! आख्खं गाव रडायचं तिच्याबरोबर. वर्षातून दोनदा, चैत्रात पालखीला आणि नवरात्रात अष्टमीला. एरवी वर्षभर तिच्या डोळ्यांत टिपूस नसायचा. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही आणि तेव्हाही कळत नव्हतं. पण त्या दोन दिवशी तिला तिचा मुलगा परत मिळतो, एवढं मला कळत होतं.

एका वर्षी दिवाळी होऊन गेली आणि ती मार्केटात पाटी उतरवता उतरवता खाली बसली. छाती दाबून धरलेली, घामाने न्हालेली. लोकांनी रिक्षात घालून डॉक्टरकडे नेली. मी कचेरीतून थेट तिथेच पोचले. डॉक्टर तरुण होता, पनवेलात नुकताच दवाखाना टाकलेला. त्याने छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, नंतर मुंबईला तपासण्या करून आणायला लावल्या, आणि मग आम्हाला बसवून सांगितलं की हृदयाला रक्त कमी पडतंय, आणि हृदय धावतं जास्त. ते सावकाश चालावं म्हणून एक गोळी देतो. तिला बीटा ब्लॉकर म्हणतात.

त्याआधी त्याने बरंच विचारलं. दमा आहे का? साखर? कधी चक्कर येऊन पडल्यात का? सासू म्हणाली, "माजी फक्त जीभ आजारी हाय, बाकी सगला बरा हाय." डॉक्टर हसला. मग त्याने मला तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं. गोळी रोज दोनदा, ठरल्या वेळी. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. अंथरुणातून झटकन उठायचं नाही. नाडी फार मंद लागली, चक्कर आली, धाप लागली तर ताबडतोब यायचं. आणि सगळ्यात शेवटी, बोट उचलून, तो म्हणाला, "बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. कधी बंद करायची वेळ आली तर मी हळूहळू कमी करीन. एकदम नाही. लक्षात राहील ना?" मी हो म्हटलं. सासूने मान डोलावली.

गोळी चांगली लागू पडली. हे मला नीट सांगायलाच हवं, नाहीतर लोकांना वाटेल मी गोळीच्या नावाने बोटं मोडतेय. तिचं छातीत दुखणं थांबलं. जिना चढता येऊ लागला. महिन्याभरात ती परत मार्केटात जाऊन बसली.

पण ती ती राहिली नाही. हात थंडगार. चालणं संथ. रात्री कसलीतरी स्वप्नं पडायची म्हणायची, पण कसली ते सांगायची नाही. डॉक्टर म्हणाला होता की हात गार पडणं, थकवा, स्वप्नं हे सगळं होऊ शकतं, फार झालं तर सांगा, औषध बदलू. पण सांगण्यासारखं असं काही नव्हतंच. गिऱ्हाईक म्हणालं कमी कर, तर ती कमी करायची. मी स्वयंपाकात मीठ जास्त टाकलं तर ती खारट जेवायची. एकदा मी मुद्दाम भांडण काढलं. तिने आणलेली कोळंबी मी शिळी म्हटली. कोळी-आगऱ्याच्या बाईला कोळंबी शिळी म्हणणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असंल गो." बस्स. मी चुलीपाशी बसून राहिले. भांडायला माणूस नसेल तर राग कुठे ठेवायचा असतो, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. हळूहळू माझाही गेला. घर शांत झालं, आणि त्या शांततेने मी आतून पार बधिर झाले.

मधेच शेजारीण येऊन म्हणाली, "तुज्या सासूच्या गोलीतली एक दे गो, मना पन धडधडतं." तिला दमा. रात्रभर तिच्या छातीची शिट्टी आम्हाला ऐकू यायची. मी म्हटलं, "काकू, ही गोळी म्हणजे काय देवाचा प्रसाद आहे? तुमचा श्वासच अडकेल." ती फणकारत गेली आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंत.

चैत्रात पालखी आली. उन्हं चढलेली, ढोल-ताशा, उदाचा धूर. सासू नेहमीच्या जागेवर उभी राहिली. नवं लुगडं, गजरा. ढोल वाढले. लोक तिच्याकडे बघायला लागले. भगत जवळ येऊन उभा राहिला. ती डोळे मिटून उभी होती. हात स्थिर. खांदे स्थिर. वाजवणारे घामाघूम झाले. कोणीतरी ओरडलं, "ये गो आई, ये!" काही झालं नाही. बऱ्याच वेळाने ढोल आपोआप हळू झाले आणि पालखी पुढे गेली. ती तिथेच उभी. मी तिचा हात धरला. तो थंड होता. मी तिला तशीच हात धरून घरी आणलं.

गाव बोललं. सगळ्यांचं बोलणं शेवटी एका जागी येऊन थांबलं: गोळी. अंगात इंग्रजी औषध असलं की देवी शिवत नाही. मी म्हणायचे की अंग थरथरायला हृदय धावावं लागतं, आणि ही गोळी त्यालाच आवरते, त्यात देवी रुसायचा काय संबंध. माझे सासरे म्हणायचे, "मंग तू पन तेच बोलतेस ना? गोलीमुलंच." भगत वाईट माणूस नव्हता. गरीब होता, सगळ्यांचं भलं चिंतणारा. नवरात्राच्या आठवडाभर आधी तो घरी येऊन ओसरीवर बसला आणि म्हणाला, "नवरात्राचे नऊ दिस गोली नको. अंग मोकलं पायजे. दसऱ्याला परत सुरू करा, मी कुटं नाय म्हनतो?" त्याला ते अगदी वाजवी वाटत होतं. उपासाला आपण मासळी सोडतो, कांदा सोडतो, चपला सोडतो, तशी गोळी. नऊ दिवसांनी सगळं परत धरायचंच असतं.

सासऱ्यांना पटलं. माझ्या नवऱ्यालाही. तो मला म्हणाला, "नऊ दिवसांचा प्रश्न आहे. तू मधे पडू नकोस."

मी मधे पडले. कचेरीतून अर्धी रजा टाकून एकटी डॉक्टरकडे गेले. त्याने ऐकून पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाई, नऊ दिवस फार झाले. दोन-चार दिवसांतसुद्धा होऊ शकतं. इतके महिने हृदयाला आवरून धरलंय. उतारावर उभ्या ट्रेलरचा ब्रेक एकदम सोडला तर तो आधीच्या वेगाने जातो का? जास्त वेगाने जातो. दुखणं उलटून येईल, झटका येऊ शकतो. त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी समजावतो. उपास करू देत, फराळावर गोळी घेऊ देत, काही बिघडत नाही." त्याला माझ्या दिराचं ठाऊक नव्हतं. मी मान हलवली आणि उठले. घरी मी सगळं सांगितलं, ट्रेलरचं सोडून.

सासरे म्हणाले, डॉक्टर असंच बोलनार. मग सासू पडवीत निवट्या, खाडीच्या चिखलातले ते छोटे मासे, साफ करत होती तिच्यापाशी जाऊन मी बसले. म्हटलं, "आई, तुम्ही ऐकलंत ना सगळं? जीव जाईल तुमचा."

"मना मायती हाय गो," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "डाक्तर खोटा नाय. भगत पन खोटा नाय."

"मग?"

"मना तो आठवतो. रोज आठवतो. पन कायच व्हत नाय मना. दगडावर पानी वतावं तसं. माजा पोर हाय आनि मना रडू येत नाय." हे ती असं म्हणाली जसं कोणी म्हणावं की आज भरती उशिरा आहे. "येकदा येऊ दे. येकदाच. मंग मी तुजी गोली मरस्तवर घेईन."

मी भडकले. फार महिन्यांनी भडकले. म्हटलं, "मग मरा! आणि उद्या माझ्या नावाने खडे फोडू नका, की सुनेनं सांगितलं नाही." ती हसली. अगदी थोडी. मी उठून आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. हातपाय जड झाले होते, एवढंच.

घटस्थापनेला गोळी बंद झाली.

पहिल्या दोन दिवसांत काही नाही. तिसऱ्या दिवशी तिचे हात गरम लागले. चौथ्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत मी दाण्याचं कूट कमी घातलं तर ती कडाडली, "माहेरी खिचडी नाय बगितलीस कधी?" घरभर हसू पसरलं. सासरे म्हणाले, बगा, आली म्हातारी परत! नवरा हसला. मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझी सासू परत आली होती. पण रोज संध्याकाळी मी तिची नाडी धरायचे तेव्हा ती बोटांखाली पळत असायची, आणि मी नवऱ्याला सांगायचे, हे चांगलं नाही, आताच्या आता घेऊन चला, आणि तो म्हणायचा, अष्टमी होऊ दे.

अष्टमीच्या दुपारी देवळासमोर आख्खं गाव. ती उभी राहिली तेव्हाच मला तिच्या मानेतली शीर उडताना दिसत होती. ढोल सुरू झाले. फार वेळ लागला नाही. तिचे हात कापायला लागले, मग खांदे. "आली! आली!" लोक ओरडले. बायांनी कुंकू उधळलं. भगताने मळवट भरला. कोणी तिच्या हातात नारळ दिला. तिने तोंड उघडलं आणि लोक शांत झाले, आता देवी बोलणार म्हणून. ती बोलली नाही. नारळ तिच्या हातातून पडला. तिने छाती धरली, लुगड्यासकट मुठीत धरली. चेहरा लाल नव्हता. राखेसारखा झाला होता. घाम कपाळावरच्या कुंकवातून वाहत होता आणि लोक म्हणत होते, केवढी आलीये यंदा, केवढी!

अंगात आलेल्या झाडाला कोणी शिवायचं नसतं. मी गर्दीतून गेले आणि तिचं मनगट धरलं. बायका किंचाळल्या. भगत म्हणाला, "सूनबाय, हात काढ!" मी हात काढला नाही. तिची नाडी धावत होती, अडखळत होती, पुन्हा धावत होती. मी नवऱ्याकडे बघून ओरडले, "टेम्पो आण! देवी नाही ही, हृदय आहे! आण टेम्पो!" तो एक क्षण उभा राहिला. मग त्याने आईचा चेहरा बघितला आणि धावला.

टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बंदराचा रस्ता, पुढे-मागे ट्रेलर, आमचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. ती डोळे उघडे ठेवून वर बघत होती. मी म्हणत होते, "आई, बोला काहीतरी. शिव्या द्या मला."

डॉक्टरने तिच्या जिभेखाली दुसरीच एक गोळी ठेवली, पट्टी काढली, आणि पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. झटका आला होता. वाचली. डॉक्टर मला काही बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "किती दिवस बंद होती?" मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

गावात निराळीच गोष्ट झाली. यंदा देवी इतकी जोरात आली की झाडाला पेललं नाही, असं सगळे म्हणाले. बाया ओट्या घेऊन हॉस्पिटलात यायच्या, तिच्या पलंगाच्या पायाला हात लावायच्या. भगत आला, तो तर रडला. सासरे सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. मला किंचाळावंसं वाटायचं. मी किंचाळले नाही. मी डबा आणायचे, डबा धुवायचे, कचेरीत जायचे, टाईप करायचे. सासू सगळ्यांचं ऐकायची आणि गप्प पडून राहायची. तिथे गोळी परत सुरू झाली होती, आधी थोडी, मग वाढवत वाढवत. हात परत गार झाले.

दिवाळीनंतर ती घरी आली. एका संध्याकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन तिच्यापाशी बसले. घरात आम्ही दोघीच होतो. मी काही विचारलं नव्हतं.

"त्या दिसाला कोन नवतं गो," ती म्हणाली.

"कोण?"

"देवी नवती. माजा पोर पन नवता. मी वाट बगीत व्हते, आता येईल, आता येईल. निस्तं दुखत व्हतं."

"मग सांगितलं का नाही कोणाला? त्यांना वाटतंय की आली होती."

"तेंना वाटूं दे." तिने हात पुढे केला. "दे."

मी गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती गिळली, वर पाणी प्यायली, आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आता तो नाय येनार."

"नाही येणार, आई," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही. ती रडली नाही. मीही नाही. तिने मनगट माझ्यापुढे धरलं आणि मी नाडी मोजली. ठोके संथ, सारखे पडत होते, डॉक्टरला हवे होते अगदी तसे.